गाडी घ्यायची नाही, नुसती पाहायची आहे

वाचकांचे प्रश्न : वाहन-सल्ला

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे महागड्या स्पोर्ट्स कारच्या शोरूममध्ये मिळणाऱ्या वागणुकीबद्दल होती. मायलेज, टायर आणि विम्याचे नेहमीचे प्रश्न त्यामुळे पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. नागपूरला परत येण्यापूर्वी मी मुंबईत अशाच गाड्यांच्या विक्रीत अकरा वर्षे काम केले आहे. ग्राहकाला बाहेरून जे दिसते, ते आतून कसे घडते हे मला ठाऊक आहे, आणि त्यातले काय समर्थनीय आहे व काय नाही हेही मी स्पष्टपणे लिहिणार आहे.

प्रश्न : मी हिंगणा रस्त्यावरील एका महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला मावशीकडे गेलो असताना एका इटालियन स्पोर्ट्स कारच्या शोरूममध्ये गेलो. सुरक्षारक्षकाने अपॉइंटमेंट आहे का, असे विचारले आणि नाही म्हटल्यावर काचेतून बाहेरूनच पाहायला सांगितले. मी तिथे उभा असतानाच एक कुटुंब मोठ्या गाडीतून उतरले आणि कोणीही काही न विचारता त्यांच्यासाठी दार उघडले गेले. मला आत जाण्याचा अधिकार नाही का? पुढच्या वेळी जायचे असेल तर कसे जावे?
– एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : अधिकाराचे आधी पाहू. आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात दुकानांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला दुकानात येण्यास मज्जाव करता येत नाही. मात्र आधी वेळ ठरवून यावे, एका वेळी मोजक्याच लोकांनी आत यावे, असा नियम मालक करू शकतो. तुमच्या बाबतीत नियम होता हे मला खटकत नाही. तो तुम्हाला लावला गेला आणि त्या कुटुंबाला लावला गेला नाही, हे खटकते. वेळ ठरवल्याशिवाय प्रवेश नसेल, तर तो गाडीतून उतरणाऱ्यालाही नसावा आणि लोकलने येणाऱ्यालाही नसावा.

आता असे नियम मुळात का होतात ते सांगतो. लॅम्बोर्गिनी या इटालियन स्पोर्ट्स कार कंपनीने २०२३ मध्ये जगभरात १०,११२ गाड्या विकल्या, त्यांपैकी भारतात १०३. या कंपनीची दालने तेव्हा मुंबई, दिल्ली आणि बेंगळुरू अशा तीनच शहरांत होती, म्हणजे हिशेब केला तर एका दालनातून महिन्याला सरासरी तीनच गाड्या जातात. आयात शुल्कच अनेक वर्षे गाडीच्या मूळ किमतीइतके राहिल्यामुळे तिथली एकेक गाडी काही कोटींची असते. शिवाय हे दालन कंपनीचे नसून डीलरचे असते, आणि आत उभ्या असलेल्या चार-पाच गाड्यांपैकी एखादी तर कोणा ग्राहकाने पैसे भरून ठेवलेली, डिलिव्हरीच्या मुहूर्तासाठी थांबलेली असते. जीन्सच्या बटणाने किंवा पाठीवरच्या बॅगेच्या चेनने रंगावर उठलेला ओरखडा प्रखर दिव्यांखाली दहा फुटांवरून दिसतो, आणि तो पॉलिश करून काढण्याचा खर्च व मनस्ताप डीलरच्या वाट्याला येतो. दिवसभर दारे उघडझाप होत राहिली की आतले दिवे आणि स्क्रीन चालू राहून बॅटरी उतरते, म्हणून गाडीखालून एक बारीक वायर जाऊन चार्जरला जोडलेली असते. पुढच्या वेळी लक्ष देऊन पाहा, तुम्हाला ती दिसेल. कर्मचारी तिथे मोजके असतात, त्यातला एक जण ग्राहकाबरोबर बसून चामड्याचा रंग आणि शिलाईच्या दोऱ्याची छटा निवडत असतो, आणि त्याच वेळी दारातून पाच मुले एकदम आत आली की तो गोंधळतो. गोंधळलेला माणूस उद्धट होतो, हे मी माझ्या सहकाऱ्यांमध्ये पाहिले आहे. त्यामुळे उद्धटपणा क्षम्य ठरत नाही, तरी तो कुठून येतो हे समजून घेतले तर तुमचे पुढचे जाणे सोपे होईल.

पुढच्या वेळी दोन-तीन दिवस आधी शोरूमला फोन करा किंवा ईमेल पाठवा. शनिवार-रविवार टाळा आणि मंगळवार-बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराची वेळ मागा, कारण तेव्हा दालन रिकामे असते. पहिल्याच वाक्यात खरे सांगा : ‘मला गाडी घ्यायची नाही, मी यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे, पंधरा मिनिटे गाडी जवळून पाहता येईल का?’ वडिलांना घ्यायची आहे, मामा परदेशातून येणार आहेत, असली थाप मारू नका. अनुभवी विक्रेत्याला ती दुसऱ्या मिनिटाला कळते, आणि त्यानंतर तुमच्या नंतर येणाऱ्या दहा मुलांवरचा त्याचा विश्वास उडतो. बॅग स्वागतकक्षात ठेवा, विचारल्याशिवाय गाडीला हात लावू नका, आणि कोणा ग्राहकाच्या नंबर प्लेटचे छायाचित्र घेऊ नका. एखादा नेमका प्रश्न तयार ठेवून जा. इंजिन चालकाच्या मागे पण मागच्या चाकांच्या पुढे बसवल्याने वजनाचा तोल कसा बदलतो, एवढे विचारले तरी समोरच्याचा चेहरा खुलतो, कारण बहुतेक विक्रेते या धंद्यात गाड्यांच्या वेडापायीच आलेले असतात आणि त्यांना हा प्रश्न विचारणारा माणूस आठवड्यातून एखादाच भेटतो.

नागपुरात इटालियन स्पोर्ट्स कारचे दालन नाही, पण मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि ऑडी या जर्मन कंपन्यांची आहेत. त्यांच्या अधिक शक्तिशाली आवृत्त्या इथे कायम उभ्या असतीलच असे नाही. प्रदर्शनासाठी केव्हा येणार हे फोनवर विचारून ठेवा. कधी जर्मनीला जाण्याचा योग आला, तर म्युनिक येथील ‘बीएमडब्ल्यू वेल्ट’ या २००७ मध्ये सुरू झालेल्या वास्तूत कोणीही तिकिटाशिवाय जाऊन नव्या गाड्या पाहू शकतो. पाहणाऱ्यासाठीही जागा बांधावी असे एखाद्या कंपनीला वाटू शकते, हे आपल्याकडच्या डीलरांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

प्रश्न : माझी काटोल तालुक्यात संत्र्याची बाग आहे. मुलाच्या आग्रहावरून आम्ही दोघे शहरातील एका महागड्या गाड्यांच्या शोरूममध्ये गेलो. आमची पिकअप एमएच ४०, म्हणजे नागपूर ग्रामीणच्या क्रमांकाची आहे. ती दारासमोर लावू न देता मागच्या गल्लीत लावायला सांगितली. आत पाऊण तास बसलो, कोणी पाणीही विचारले नाही, आणि किंमत विचारल्यावर ‘काका, ही गाडी तुमच्या कामाची नाही’ असे उत्तर मिळाले. ती गाडी घेण्याची माझी ऐपत आहे. मुलगा म्हणतो, रोख रक्कम नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवू म्हणजे त्यांना कळेल. अलवरच्या महाराजांनी अपमानाचा बदला म्हणून रोल्स-रॉइस गाड्या कचरा उचलायला लावल्या होत्या, असेही त्याने सांगितले. आपले मत काय?
– एक बागायतदार, काटोल

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. पाऊण तास बसवून पाणी न विचारणे ही विदर्भात कोणत्याही घरी, कोणत्याही दुकानात न शोभणारी गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल आपल्याला वाटलेला संताप रास्त आहे.

रोख रक्कम मात्र नेऊ नका. प्राप्तिकर कायद्यानुसार एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास २०१७ पासून मनाई आहे, त्यामुळे टेबलावर ठेवलेले पैसे त्यांना घेताच येणार नाहीत आणि आपल्याला पुन्हा एकदा मान खाली घालून परतावे लागेल. अलवरच्या महाराजांच्या गोष्टीला विश्वसनीय आधार नाही. तीच गोष्ट हैदराबाद, पतियाळा, भरतपूर अशा वेगवेगळ्या संस्थानिकांच्या नावावर सांगितली जाते. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांची गोष्ट तिच्यापेक्षा बळकट आहे. ते ट्रॅक्टर बनवत असत, स्वतःच्या फेरारीच्या क्लचबद्दल त्यांनी एन्झो फेरारी यांच्याकडे तक्रार केली तेव्हा त्यांना तोडून बोलले गेले, असे ते स्वतः सांगत, आणि १९६३ मध्ये त्यांनी सान्तागाता बोलोन्येझे या गावी स्वतःची स्पोर्ट्स कार कंपनी काढली. अलीकडचा प्रसंग आपल्या जवळचा आहे. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकात तुमकुरू येथे पिकअप घ्यायला गेलेल्या एका तरुण शेतकऱ्याला, तुझ्या खिशात दहा रुपयेही नसतील, अशा अर्थाचे बोलले गेले. त्याने थोड्याच वेळात दहा लाख रुपयांची व्यवस्था करून दाखवली, प्रकरण पोलिसांपर्यंत गेले आणि शेवटी त्याची माफी मागून त्याला गाडी देण्यात आली.

या गोष्टी लोक आवडीने सांगतात, पण त्यांच्यातून निघणारा अर्थ मला अनेक वर्षे बोचतो आहे. तिन्हींमध्ये अपमान झालेल्या माणसाकडे पैसा होता, म्हणूनच त्याचा अपमान चुकीचा ठरला, असा त्यांचा सूर असतो. तुमकुरूच्या त्या शेतकऱ्याला दहा लाख जमवता आले नसते, तर त्याला बोललेले शब्द योग्य ठरले असते का? विक्रीच्या प्रशिक्षणातही आम्हाला हेच शिकवत, की चपलेवरून माणूस ओळखू नका, कारण चपलेतला माणूस करोडपती असू शकतो. मी ते ऐकले, पाळले, आणि बऱ्याच उशिरा मला जाणवले की हे शिक्षण अर्धे आहे. चपलेतला माणूस करोडपती नसेल, त्याच्या खिशात परतीच्या एसटीचे तिकीट तेवढे असेल, तरी त्याला पाण्याचा ग्लास आणि विचारलेल्या किमतीचे सरळ उत्तर मिळाले पाहिजे. म्हणून, काकाजी, आपण आपली ऐपत सिद्ध करायला तिथे परत जाऊ नये असे मला मनापासून वाटते. ऐपत नसती तरी आपली तक्रार तेवढीच खरी राहिली असती.

तक्रार मात्र जरूर करा. ती शोरूमच्या व्यवस्थापकाकडे तोंडी करून थांबू नका; तारीख, वेळ आणि घडलेला प्रसंग लिहून गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवा. कंपन्या आपल्या डीलरांना ग्राहकांच्या समाधानावर गुण देतात, त्या गुणांवर डीलरचा काही लाभ अवलंबून असतो, आणि कधीकधी साध्या ग्राहकाच्या वेषात तपासणीसही पाठवले जातात. डीलरला स्थानिक बोभाट्यापेक्षा कंपनीकडून आलेल्या पत्राची अधिक धास्ती असते. गाडी घ्यायचीच असेल, तर तीच गाडी दुसऱ्या शहरातील डीलरकडून घेता येते.

प्रश्न : मी रामदासपेठेत दंतवैद्य म्हणून व्यवसाय करते. स्वतःच्या कमाईतून दोन दारांची स्पोर्ट्स कार घ्यावी अशी माझी अनेक वर्षांची इच्छा आहे. शोरूममध्ये प्रश्न मी विचारत होते आणि विक्री प्रतिनिधी उत्तरे माझ्या पतीकडे पाहून देत होता. टेस्ट ड्राइव्हची किल्लीही त्यांच्याच हातात दिली, तेही ‘मला गाडी चालवता येत नाही’ असे त्यांनी सांगितल्यानंतर. हा अनुभव फक्त माझाच आहे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही, ताई, मी स्वतः हे शेकडो वेळा होताना पाहिले आहे. नव्या माणसाला कामावर घेतले की मी त्याला एक साधी गोष्ट करायला लावत असे. भेट संपल्यावर, ग्राहकांमध्ये कोणी कोणता प्रश्न विचारला हे त्याने आठवून लिहायचे. बाईंनी विचारलेले प्रश्न त्याला आठवतच नसत, आणि कागदावरचा तो रिकामा रकाना पाहिल्यावरच आपण काय केले हे त्याला कळे.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेन्झ यांनी पतीने बनवलेली मोटार, पतीला न सांगता, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत नेली. हा सुमारे १०६ किलोमीटरचा प्रवास मोटारीचा पहिला लांबचा प्रवास मानला जातो. वाटेत इंधनाची नळी तुंबली तेव्हा त्यांनी ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, आणि ब्रेकचे लाकूड झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यावर चामडे बसवून घेतले. मोटार ही लोकांनी विकत घ्यावी अशी वस्तू आहे, हे त्या काळी एका स्त्रीने रस्त्यावर चालवून दाखवले होते, आणि तुमच्या प्रतिनिधीला तुम्ही विकत घ्यायला आला आहात हे समोर बसूनही दिसले नाही.

पुढच्या वेळी फोनवरच गाडी आपल्या नावावर घ्यायची असल्याचे सांगून वेळ घ्या आणि टेस्ट ड्राइव्हसाठी तुमचाच वाहन परवाना आधी पाठवा, म्हणजे किल्ली कोणाच्या हातात द्यायची हा प्रश्न उरणार नाही. तरीही उत्तरे दुसरीकडे पाहून येऊ लागली, तर संकोच न करता दुसरा प्रतिनिधी मागा.

प्रश्न : आत पाऊल टाकताच टॅबवर मोबाइल क्रमांक, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि सध्याची गाडी विचारतात. हे सांगणे बंधनकारक आहे का? टेस्ट ड्राइव्हसाठी पॅन क्रमांकही मागितला. बुकिंगची रक्कम परत मिळते का?
– एक व्यापारी, इतवारी

उत्तर : बंधनकारक नाही. मोबाइल क्रमांकासाठी ग्राहकाला अडवू नये, असा सल्ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना दिला आहे. टेस्ट ड्राइव्हसाठी वाहन परवान्याची प्रत मागणे योग्य आहे. पॅनची गरज गाडी प्रत्यक्ष खरेदी करताना लागते, पाहताना किंवा चालवून बघताना लागत नाही. दहा लाखांहून अधिक किमतीच्या गाडीवर डीलर एक टक्का कर वेगळा गोळा करतो आणि तो आपल्या प्राप्तिकरात वळता करून घेता येतो, त्यासाठी पॅन द्यावाच लागतो.

बुकिंगच्या रकमेबाबत पावतीमागच्या अटी आधी वाचा. ग्राहकाच्या पसंतीने रंग व अंतर्भाग ठरवून कारखान्यात बनवल्या जाणाऱ्या गाडीची ऑर्डर पक्की झाल्यावर रक्कम परत न देण्याची अट बहुधा असते, म्हणून ऑर्डर कोणत्या तारखेला पक्की होते ते लेखी घ्या. वाद झालाच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. ग्राहक आयोगाकडे जाताना आपण प्रत्यक्ष दिलेली रक्कम पाहिली जाते. पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असल्यास थेट दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. नुसते पाहायला गेलेला माणूस मात्र या कायद्याच्या व्याख्येत ग्राहक ठरत नाही, त्यामुळे निव्वळ उद्धट वागणुकीवर तिथे दाद मिळणार नाही.

प्रश्न : मी नागपुरातील एका शोरूममध्ये विक्री प्रतिनिधी आहे. दर रविवारी तीस-चाळीस तरुण येतात, गाडीला टेकून रील बनवतात. मागच्या महिन्यात एकाच्या मागच्या खिशातील किल्ल्यांनी सीटच्या चामड्यावर चरा पडला आणि वरिष्ठ मलाच बोलले. मलाही गाड्यांचे वेड आहे, या मुलांना हाकलताना वाईट वाटते. त्यांना आत सोडावे की नाही?
– एक विक्री प्रतिनिधी, नागपूर

उत्तर : सोडावे, पण तुम्हाला एकट्याला त्याचा भार वाहावा लागू नये. चरा पडल्याचा दोष तुमचा नाही. चाळीस जणांसाठी एक माणूस उभा करणाऱ्या व्यवस्थेचा आहे. रविवारचे दोन तास पाहणाऱ्यांसाठी ठरवून द्यावेत, त्या वेळी डेमोची एकच गाडी उघडी ठेवावी, सीटवर आच्छादन घालावे, एका वेळी सहा जण घ्यावेत आणि हे नियम दारावर मराठीत मोठ्या अक्षरांत लावावेत. इतर गाड्या दोरीच्या आत असल्या की कोणाला वाईट वाटत नाही, कारण दोरी सगळ्यांना सारखी असते.

मुंबईतला एक दिवस सांगतो. जुलै महिना होता, पाऊस होता, आणि मी एका मोठ्या ग्राहकाची वाट पाहत होतो. खाकी गणवेशातले एक गृहस्थ दहा-अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन दारात आले आणि म्हणाले, ‘साहेब, घ्यायची नाही, पोराला दाखवायची आहे.’ मी नाही म्हणणार होतो, शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात त्या गृहस्थांनी आपले आणि मुलाचे ओले बूट काढून पायपुसण्याशेजारी नीट जोडून ठेवले, आणि मला नाही म्हणता आले नाही.

आत पोर्शे ९११ उभी होती. मुलगा तिच्या चाकापाशी उकिडवा बसला, हात मागे बांधून, आणि म्हणाला, ‘कॅलिपर पिवळे आहेत, म्हणजे ब्रेक सिरॅमिकचे.’ ते बरोबर होते. मग त्याने मला सांगितले की ही गाडी १९६३ मध्ये पहिल्यांदा दाखवली तेव्हा तिचे नाव ९०१ होते, मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो कंपनीने हक्क सांगितला म्हणून ते ९११ झाले. हे मला माहीत होते, पण मला ते कोणी विचारले नव्हते. मी पुढचे झाकण उघडले. इंजिन मागे असते हे त्याला पाठ होते, तरी पुढे नुसती सामानाची रिकामी जागा पाहून त्याने वडिलांचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. बारा मिनिटे झाली असतील, माझे ग्राहक आले, आणि बापलेक पुन्हा बूट घालून पावसात गेले.

तो मुलगा पुढे मोठा होऊन गाडी घ्यायला आला, असे मी सांगू शकत नाही. तो पुन्हा आला नाही, त्याचा क्रमांकही मी लिहून घेतला नव्हता. अकरा वर्षांत मी विकलेल्या गाड्यांचे रंग आता माझ्या आठवणीत एकमेकांत मिसळतात, पण ती बारा मिनिटे मला लख्ख आठवतात.

तुमच्या व्यवस्थापकांशी रविवारच्या दोन तासांबद्दल बोला. त्यांनी होकार दिला तर मला या मासिकाच्या पत्त्यावर कळवा. पहिल्या दोन-तीन रविवारी मी स्वतः येईन, दारात उभा राहीन आणि मुलांना बॉनेटखाली काय असते ते समजावून सांगेन.